काहीच जाणवत नाही, तरी प्रभू जवळ आहे का?

पत्र : माझं माहेर वसईचं, सासर गोव्यातल्या बार्देशातलं. नवरा तारवटी, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी, बोलणं जवळजवळ बंद. रात्रंदिवस त्यांचं सगळं मीच करते. इगर्जीत (चर्चमध्ये) मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, कोंकणीत, मला अर्धीच समजते, आणि हल्ली रविवारची मिस्साही चुकते. प्रभू आजही आपल्या माणसांना सांभाळतो असं लहानपणापासून ऐकलं. पण कित्येक महिने प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. ओळखीतल्या एका प्रार्थनागटाने सांगितलं, घरात विश्वास कमी म्हणून आई उठत नाहीत, गोळ्या बंद करा आणि पूर्ण भरवसा ठेवा. तो खरंच जवळ आहे का? असेल तर मी नेमकं काय करू?
— एक वाचक, बार्देश

ताई,

आधी गोळ्यांचं, कारण बाकीचं चार दिवस थांबेल, हे थांबणार नाही. सासूबाईंची एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. झटका येऊन गेलेल्या माणसाला बहुतेक वेळा रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक औषध आणि रक्तदाब ताब्यात राहावा म्हणून दुसरं, अशी कायमची औषधं असतात. पहिलं अचानक थांबलं की गुठळीचा धोका परत वाढतो. दुसरं थांबलं की रक्तदाब चढतो, आणि तो चढलेला वरून दिसत नाही. मध्ये काही दिवस चुकले असतील तर राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. आजच डॉक्टरांना फोन करून कुठून सुरू करायचं ते विचारा. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देत असाल तर तेही विचारा, काही गोळ्या कुटल्या की अपाय करतात.

आता त्या गटाचं म्हणणं. घरात विश्वास कमी म्हणून आजार, हा हिशेब शुभवर्तमानात बसत नाही. मार्कचा दुसरा अध्याय काढा. कफर्णहूमात लुळ्या माणसाला चौघांनी उचलून आणलं, गर्दीमुळे दारातून शिरता येईना, तेव्हा छप्पर उकलून खाट खाली सोडली. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं पाचव्या वचनात आहे. खाटेवरच्या माणसाची परीक्षा कुणी घेतली नाही. तुम्ही त्या चौघांपैकी एक आहात. उरलेले तिघे तुमच्याजवळ नाहीत, ही खरी अडचण, आणि तिच्याकडे आपण पुढे येऊच. पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे सततची पीडा, निघावी म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेल एवढंच उत्तर आलं. त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. या मंडळींचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? कॅथलिक बायबलातल्या सिराखच्या ग्रंथात, ३८व्या अध्यायात, वैद्याचा मान राख, औषधं देवानेच जमिनीतून उपजवली आहेत आणि शहाणा माणूस ती झिडकारत नाही, असं सरळ सांगितलं आहे.

आजार बरा व्हावा म्हणून प्रार्थना करण्यात काहीच गैर नाही, चर्चही करतं. पण अशा प्रार्थनासभांवर बिशपांची देखरेख हवी आणि त्यांत तमाशा नको, हे व्हॅटिकनने सप्टेंबर २००० मध्ये लेखी घालून दिलं आहे. तेव्हा तीन गोष्टी बघा: तुमच्या विगारांना (इगर्जीच्या मुख्य पाद्रींना) हा गट माहीत आहे का, पैसे मागतात का, औषध सोडायला सांगतात का. तिसरी गोष्ट तर झालेलीच आहे, त्यामुळे पहिल्या दोन विचारत बसायची गरज उरली नाही.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. ‘युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे’ हे वचन मत्तयच्या अगदी शेवटी येतं, गालीलातल्या डोंगरावर, अकरा शिष्यांना. त्याच्या तीनच वचनं आधी लिहिलं आहे की त्यांच्यातल्या काहींना संशय होता. त्या संशय घेणाऱ्यांना प्रभूने बाजूला काढलं नाही. वचन दिलं ते सगळ्यांना मिळून.

दुसरं, लूकच्या २४व्या अध्यायातला अम्माऊसचा रस्ता. यरुशलेमपासून साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर; म्हापशाहून पणजी गाठायला लागतं त्याहून थोडं कमी. उतरलेल्या चेहऱ्याचे दोन शिष्य, ‘आम्हाला आशा होती’ असं भूतकाळात बोलणारे, आणि शेजारी चालणारा तो. ओळख पटली ती घरात, भाकर मोडताना, आणि पटली त्याच क्षणी तो दिसेनासा झाला. वाटेत आपलं अंतःकरण पेटलं होतं, हे त्यांना मागाहून उमगलं. प्रत्यक्ष चालताना त्यांना जाणवत होती ती निराशाच. सोबत मात्र पूर्ण होती.

चर्चची शिकवण इथे नेमकी आहे. ख्रिस्त पित्याच्या उजवीकडे आपल्यासाठी विनंती करतो (रोमकरांस ८:३४, इब्री ७:२५), आणि ती विनंती तुमची प्रार्थना चांगली झाली की नाही यावर चालत किंवा थांबत नाही. शब्दच सुचेनासे झाले तर आत्मा आपल्या वतीने कण्हतो, असंही रोमकरांसच्या त्याच अध्यायात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात तो कुठे कुठे हजर असतो ते मांडलं: मिस्सेत, ती अर्पण करणाऱ्या धर्मगुरूत, सगळ्यात जास्त ख्रिस्तप्रसादात (मिस्सेतल्या भाकरीच्या आणि द्राक्षारसाच्या रूपात), संस्कारांत, शास्त्र वाचलं जातं तेव्हा त्या शब्दात, आणि जमलेल्या मंडळीत. या यादीत ‘बरं वाटणं’ कुठेच नाही. यात मत्तय २५ची भर घाला. आजारी असताना ज्यांनी माझी विचारपूस केली, ती मंडळी तिथे उलट विचारतात: प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांनाही कळलं नव्हतं. तुम्ही रात्री दोन वाजता कूस बदलून देता तेव्हा काही कळत नाही, यात तुमचं काही बिघडलेलं नाही.

म्हणून आमचा सल्ला असा की काहीतरी जाणवेल म्हणून वाट बघत बसू नका. तो जिथे भेटतो असं सांगितलं आहे, त्या जागा घरात आणा.

पहिली जागा ख्रिस्तप्रसाद. अंथरुणाला खिळलेल्यांकडे प्रसाद घरी नेतात. फक्त कुणीतरी सांगावं लागतं. बहुतेक घरी इथेच अडतं: विगारांना माहीत असेलच असं गृहीत धरतात आणि महिने जातात. इगर्जीच्या कचेरीत फोन करा किंवा चिठ्ठी द्या. वाडा, घराची खूण, दिवसातली सोयीची वेळ लिहा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिळण्याचं लिहा. झटक्यानंतर घशाचे स्नायू ढिले पडतात, कोरडी होस्तिया (प्रसादाची पातळ चकती) टाळूला चिकटते आणि ठसका लागतो. अगदी छोटा तुकडा पुरतो, ख्रिस्त त्यातही पूर्णच असतो. तुकडा चमचाभर पाण्याबरोबर द्यावा. मात्र डॉक्टरांनी पातळ पदार्थ मना केले असतील, पाणी घट्ट करून द्यायला सांगितलं असेल, तर तसंच द्या आणि येणाऱ्याला आधी कल्पना द्या. घन काहीच जात नसेल तर चर्चच्या कायद्यात नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही प्रसाद देता येतो, पण ते आधी सांगून ठरवावं लागतं. काहीच गिळता येत नसेल तर जबरदस्ती नको.

घरात छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड, खुरीस (क्रूस), एक मेणबत्ती, पाण्याचा पेला आणि चमचा. खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा मशीन चालू असेल तर मेणबत्ती लावू नका, बॅटरीची चालते. सासूबाईंना पाठीला उशा लावून ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. प्रसादाआधीचा एक तासाचा उपास आजारी आणि वृद्धांना लागू नाही, त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. म्हणजे त्याच वेळी तुम्हीही घेऊ शकता. हे बऱ्याच सुनांना ठाऊक नसतं. सासूला प्रसाद मिळतो आणि सून दारात उभी राहून बघते. फोन करतानाच ‘दोघींसाठी’ म्हणून सांगा.

प्रसाद घेऊन येणारी व्यक्ती बऱ्याचदा नेमलेली साधी गावकरी असते. तिला कुमसार (पापांची कबुली) ऐकता येत नाही आणि आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कारही देता येत नाही. त्यासाठी पाद्रीच हवेत. म्हणून एकदा तरी पाद्रींना स्वतःला बोलवा. हा संस्कार म्हणजे मरणाचं बोलावणं, ही भीती जुन्या माणसांत अजून आहे. तो गंभीर आजारासाठी आणि म्हातारपणाच्या अशक्तपणासाठी आहे, आणि दुखणं वाढलं किंवा बरं होऊन पुन्हा उलटलं तर परत घेता येतो. पाद्री डोक्यावर हात ठेवतात, मग कपाळावर आणि दोन्ही तळहातांवर तेल लावतात. हे तेल पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वाद दिलेलं असतं. उजवा हात आखडून मूठ वळलेली असेल तर अर्धा तास आधी कोमट पाण्याच्या फडक्याने शेकून बोटं हळूहळू मोकळी करा, तिथे ऐनवेळी ओढाताण होते. आणि सासूबाईंना आदल्या दिवशी शांतपणे सांगून ठेवा, कशासाठी येतात ते. ऐकू येतं, समजतं, फक्त बोलता येत नाही, अशा माणसाच्या कपाळाला अचानक कुणी तेल लावलं तर काय वाटेल? कुमसार बोलून करता येत नसेल तर मान हलवून, हात दाबून, खुणेने चालतं.

दुसरी जागा शब्द. तुम्ही मराठीत प्रार्थना करत मोठ्या झालात. ती सोडून कोंकणीत करायला कुणी सांगितलेलं नाही. गोव्यात मराठी ही प्रभूपुढे परकी भाषा नाही. थॉमस स्टीफन्स या जेजुइट पाद्रींचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत आहे आणि ते १६१६ मध्ये इथेच, राशोलला छापलं गेलं. मिस्सेची अडचण सोपी आहे. त्या दिवसाची वाचनं वसईत, म्हापशात आणि रोममध्ये बहुतांशी तीच असतात. रविवारची तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. शनिवारी रात्री ती मराठी बायबलात वाचून ठेवा, मग इगर्जीत कोंकणी कानावर पडताना धागा सुटत नाही. नवऱ्यालाही तोच अध्याय-वचनांचा आकडा पाठवा. बोटीवर मिस्सा क्वचित मिळते, पण तेच वाचन दोघांनी केलं तर फोनवर आजार आणि पैसे सोडून तिसरा विषय मिळतो.

रोज पंधरा मिनिटं पुरे. सकाळची औषधं आणि पेज देऊन झाली की बसा, पलंगावर नको, खुर्चीत. पलंगावर डोळा लागतो. आठ-दहा वचनंच घ्या आणि दोनदा वाचा, दुसऱ्यांदा ओठ हलवून. अडकलेला एक शब्द धरा आणि त्यावर प्रभूला एक वाक्य बोला, खरं असेल ते. ‘आज तुझा राग आलाय’ हेही चालतं. मग तीन मिनिटं गप्प. चुका इथे ठरलेल्या होतात. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचं उत्तर मानायचं, हा जुगार आहे. फक्त गोड वचनं निवडून वाचली की वाईट दिवशी ती खोटी वाटू लागतात. त्यापेक्षा स्तोत्र १३ आणि ८८ घ्या. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, आणि तरी ते देवाशीच बोलतं.

रात्री दहा मिनिटं इग्नेशियस लोयोला यांची जुनी रीत: प्रकाश माग, आजचं एक चांगलं आठव, दिवस सकाळपासून पुढे बघत ये, चुकलं तिथे क्षमा माग, उद्याची एक अडचण त्याच्या हाती दे. त्यांचाच आणखी एक नियम तुमच्या स्थितीला चपखल बसतो: मन कोरडं असताना आधी घेतलेले निर्णय बदलू नका. प्रार्थना सोडावी, इगर्ज सोडावी, असे विचार याच काळात येतात आणि पटतातही.

सासूबाईंसाठी मात्र कोंकणीच ठेवा. झटक्याने बोलणं गेलेल्या पुष्कळ माणसांना साधं ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण पाठ असलेल्या प्रार्थना आणि गाणी जिभेवर येतात. ती मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेली असतात. संध्याकाळी तेर्साच्या (जपमाळेच्या) वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर बसा, ‘नमान मारिये’ ही मरियेची प्रार्थना हळू सुरू करा आणि अर्ध्यावर थांबा. त्या पुढचा शब्द उचलतात का बघा. चुकला तर सुधारू नका, पुढे चला. पन्नास नमान एकदम नकोत, दहांचा एक गट पुरे, दमतात. जमलं तर डॉक्टरांनाही सांगा, वाचा-उपचार करणाऱ्यांना याचा उपयोग होतो. दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात. त्या प्रत्येक वेळी एक ओळ म्हटली तरी दिवसभरात मोठी प्रार्थना होऊन जाते.

आता उरलेले तिघे. ख्रिस्त माणसांना सांभाळतो ते बरंचसं माणसांच्या हातून. बाणावलीच्या संत जोसेफ वाझ यांच्याकडे बघा. डच अमलात धर्मगुरूंना बंदी असलेल्या श्रीलंकेत ते १६८७ मध्ये वेष पालटून गेले, आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा करत राहिले. त्या रोग्यांना प्रभूची काळजी कळली ती त्या हातांतून. तुमच्या वाड्यावर लहान ख्रिस्ती समूह असेल, कित्येक इगर्जींत गरजूंना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीही असते. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्यांना काम ठरवून द्या, नाहीतर ते वाक्य तिथेच विरतं: मंगळवारी चार ते सहा आईंजवळ बसा, महिन्यातून एकदा औषधं आणा, शनिवारी संध्याकाळी दीड तास. कागदावर लिहून विगारांना किंवा समूहाच्या प्रमुखांना द्या. सासर कसं चालतं ते चारचौघांत दिसेल म्हणून लाजू नका. छप्पर उकलणाऱ्यांनी घरमालकाला काय वाटेल याचा विचार केला नव्हता.

आणि तुमचं स्वतःचं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, मरून जावंसं वाटतं, यांतलं काही असेल तर त्याला आध्यात्मिक कोरडेपणा समजून सहन करू नका. तो उदासीनतेचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली मरण मागितलं तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून परत खायला दिलं. बोलणं त्यानंतर, डोंगरावर. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. पाद्रींशी बोलणं आणि डॉक्टरांना दाखवणं, दोन्ही करा.

राहिली रविवारची मिस्सा. आजाऱ्याला एकटं सोडता येत नाही म्हणून ती चुकली तर पाप नाही. गंभीर कारण असलेल्यांना चर्च त्या बंधनातून मोकळं ठेवतं, आणि आजाऱ्याची सेवा हे तसंच कारण आहे. तेव्हा हे कुमसारात पाप म्हणून सांगत बसू नका. टीव्हीवरची मिस्सा सासूबाईंबरोबर जरूर बघा, पण ती बघितलीच पाहिजे असंही नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, म्हणून ते दीड तासाचं काम यादीत सगळ्यात वर लिहा.